टाचणात नसलेला रकाना

दुसरीच्या वर्गाला शिकवायला काय लागतं, हा प्रश्न डी.एल.एड.ला प्रवेश घेताना मला पडलाच नव्हता. दुसरीचं पुस्तक आपल्याला येतंच, असं मी धरून चालले होते. बेरीज, वजाबाकी, कविता, पाळीव प्राणी. आपल्याला येतं ते मुलांना सांगायचं. दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम पूर्वी डी.एड. म्हणून ओळखला जायचा, आणि आमच्या काटोलकडे मुलीनं बारावीनंतर डी.एड. केलं की नोकरी पक्की, असा एक काळ होता. माझ्या मावशीनं तो पाहिला आहे. नंतर भरती बरीच वर्षं रखडली. २०१३ साली शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी आली, तिच्या पाठोपाठ अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आलं, आणि अध्यापक विद्यालयांतली बाकं रिकामी पडू लागली. तरीही मी नागपूरला आले, कारण मला लहान मुलांनाच शिकवायचं होतं. पण पहिल्याच महिन्यात कळलं, की मला ‘मुलं’ म्हणून जी दिसत होती ती सगळी माझ्या मनातली होती. खऱ्या सात वर्षांच्या पोराशी मी कित्येक वर्षांत दहा मिनिटंसुद्धा बोलले नव्हते.

विद्यालयात सुरुवात झाली सूक्ष्म अध्यापनानं. एका वेळी शिकवण्याचं एकच कौशल्य घ्यायचं, पाच-सहा मिनिटांचा छोटासा पाठ द्यायचा, चुका ऐकायच्या आणि तोच पाठ पुन्हा द्यायचा, अशी ही पद्धत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३च्या सुमारास ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बसवली. कौशल्यांची नावं ऐकून मी गांगरले होते. ‘सज्जता प्रवर्तन’ म्हणजे पाठ सुरू करण्याआधी मुलांचं मन त्या विषयाकडे वळवणं. ‘प्रबलन’ म्हणजे मुलानं उत्तर दिलं की त्याला हुरूप येईल असं काहीतरी म्हणणं किंवा करणं. मी वहीत त्याच्यापुढे ‘शाबास म्हणणे’ एवढंच लिहून ठेवलं होतं. विद्यार्थी म्हणून समोर बसायच्या आमच्याच मैत्रिणी. त्या हात वर करायच्या, विचारलं तेवढंच सांगायच्या, आणि प्रत्येक उत्तर बरोबर यायचं. माझे सूक्ष्मपाठ चांगले झाले. त्या सगळ्या पाठांत एकही चुकीचं उत्तर माझ्या वाट्याला आलं नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला पुढे खरा वर्ग पाहावा लागला.

मग आलं पाठ टाचण. तासाला काय करायचं ते आधी लिहून काढायचं. वर घटक, उपघटक, साहित्य आणि अध्ययन निष्पत्ती. म्हणजे तास संपल्यावर मुलाला काय करता यायला हवं ते. खाली रकाने: शिक्षकाची कृती, विद्यार्थ्याचा अपेक्षित प्रतिसाद, फलकलेखन, मूल्यमापन. मी रात्री जागून टाचणं लिहायची. डाव्या रकान्यात माझा प्रश्न, उजवीकडे मुलाचं उत्तर. ‘६३ मध्ये दशक किती?’ ‘सहा.’ ‘एकक किती?’ ‘तीन.’ सगळं नाटकाच्या संहितेसारखं सुबक दिसायचं. संहितेतले उजवीकडचे संवाद ज्यांनी म्हणायचे, त्यांना ती कोणी दिलेली नसते, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनुसार आमच्या अभ्यासक्रमात वीस आठवडे शाळेत घालवावे लागतात. त्याला शालेय आंतरवासिता म्हणतात. बोलताना सगळे इंटर्नशिपच म्हणतात. मला उत्तर नागपुरातली महानगरपालिकेची एक मराठी शाळा मिळाली. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, आणि तरीही पहिल्या दिवशी वर्गातला पंखा गरम हवाच फिरवत होता. दुसरीचा वर्ग, पटावर अठ्ठावीस मुलं. वर्गशिक्षिका बाई निवृत्तीला आलेल्या, बारीक आवाजाच्या. मी वर्गात पाऊल टाकल्याबरोबर एका पोरानं विचारलं, “मॅडम, तुमी रोज येऊन राह्यल्या का, का आजच्यापुरत्या?” मी म्हटलं, रोज येणार. तो शेजारच्याला म्हणाला, “मंग नाव सांगून देऊ हिले.” आणि अख्ख्या वर्गानं एकाच वेळी मला नावं सांगितली.

पहिले काही दिवस फक्त निरीक्षण करायचं होतं. मी मागच्या बाकावर बसून निरीक्षण वही भरत असे. बाईंनी फळा पुसला, तारीख लिहिली, उजळणी घेतली, मुलांना प्रश्न विचारले. पानंच्या पानं. बाईंनी एका दुपारी वही मागून घेतली, शांतपणे वाचली आणि विचारलं, “बेटा, तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ बसते ती पोरगी उजळणीच्या वेळी काय करत होती?” मला सांगता येईना. वहीत सगळीकडे बाईच होत्या, मुलं कुठेच नव्हती. बाई म्हणाल्या, “माझ्याकडे पाहू नको. उद्या एकच मूल धर आणि पूर्ण तास त्याच्याकडेच पाहा.” दुसऱ्या दिवशी मी त्या खिडकीजवळच्या मुलीकडे पाहत बसले. सगळा वर्ग एका सुरात आकडे म्हणत होता. तीही तोंड हलवत होती, पण प्रत्येक आकड्याला तिचे ओठ शेजारणीपेक्षा क्षणभर मागे हलायचे. एकोणतीसला ती थांबायची, तीसला पुन्हा सामील व्हायची. एकोणचाळीसला तेच. शंभरपर्यंत सुरात म्हणणाऱ्या वर्गात कोण कुठे गप्प होतं, हे समोर उभं राहून ऐकू येत नाही. मागे बसल्यावर दिसतं.

माझा पहिला पाठ दोन अंकी संख्यांचा होता. मी घरून रंगीत तक्ता करून नेला होता, आणि खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून तयार करून नेले होते. सुरुवात बरी झाली. मग मी संख्या सांगितल्या आणि मुलांनी पाटीवर लिहिल्या. “त्रेसष्ट,” मी म्हटलं. बाकांमधून फिरले तर किती तरी पाट्यांवर ३६ लिहिलेलं. मी फळ्यावर ६३ लिहून दाखवलं, पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं म्हटलं. मग ‘पंचेचाळीस’ सांगितलं. पाट्यांवर ५४. ज्यांचं बरोबर आलं त्यांना मी ‘शाबास’ म्हणत गेले, बाकीच्यांना ‘नीट ऐका’. तास संपल्यावर बाईंनी एकच गोष्ट विचारली: “ज्यांनी छत्तीस लिहिलं, त्यांच्यापैकी कोणाला विचारलंस का, कसं काय लिहिलं म्हणून?” माझ्या टाचणात तशी जागा नव्हती. अपेक्षित प्रतिसाद आला नाही तर पुढे काय, हे मी कुठे लिहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या खिडकीजवळच्या मुलीपाशी बसले आणि तिला विचारलं. तिनं पाटीवर बोट ठेवून सांगितलं, “तुमीच म्हणल्या ना मॅडम, त्रे… मंग मी तीन लिवला. मंग म्हणल्या सष्ट, मंग सहा लिवला.” ती माझं बोलणं ऐकत गेली होती आणि ऐकलेल्या क्रमानं डावीकडून उजवीकडे लिहीत गेली होती. लिहायचं डावीकडून, हे आम्हीच तिला पहिलीत शिकवलं होतं. तिच्या विचारात एकही कच्चा दुवा नव्हता. नीट ऐकण्यात तर ती बाकीच्यांच्या पुढेच होती. मी तिला आदल्या दिवशी ‘नीट ऐका’ म्हटलं होतं, ते मला फार लागलं.

त्या संध्याकाळी वाचनालयात बसून मी २०१९ सालच्या वादाबद्दल वाचलं. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टबरोबर ‘साठ तीन’ अशीही रीत दिली होती, आणि त्यावरून विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. घरी तेव्हा सगळे हसले होते. मीही हसले असेन. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्यात जोडाक्षरांची भर, त्यामुळे लहान मुलांना संख्या जड जातात, आणि काही मुलांना गणित नकोसं होण्याची सुरुवात इथूनच होते. हा उलटा क्रम फक्त आपल्याकडे नाही. जर्मन माणूसही ६३ला ‘तीन आणि साठ’ म्हणतो, आणि तिकडच्या मुलांनाही अंक उलटे लिहिण्याचा त्रास होतो. मला नारळीकरबाईंचं म्हणणं मनापासून पटलं. जुनी नावं टाकून द्यावीत असं त्यात कुठे नव्हतंच. मूल अडतं तिथे त्याला एक पायरी ठेवली होती. पण जो वाद मी दूरदर्शनसमोर बसून ऐकला होता, तो समजायला मला एका पोरीच्या पाटीपाशी बसावं लागलं.

मग मी काड्या पुन्हा बाहेर काढल्या. तेवीस काड्या दाखवायच्या तर दोन गठ्ठे आणि तीन सुट्या, असं मी सांगत होते. मुलं मात्र गठ्ठा हातात आला की रबर काढून आतल्या काड्या मोजायला बसत. मी म्हणे, “अरे दहाच आहेत.” ते मान डोलावत आणि मोजत राहत. मला वाटलं, लक्ष देत नाहीत. बाईंनी मागून खूण केली: मोजू दे. गठ्ठ्यात दहा आहेत हे मला ठाऊक होतं, कारण ते मी बांधले होते. मुलांनी माझ्या शब्दावर का विश्वास ठेवावा? दुसऱ्या दिवशी मी सगळ्या काड्यांचा ढीग जमिनीवर ओतला आणि रबराचा डबा मधे ठेवला. अर्धा तास नुसती बांधाबांध चालली. एका जोडीच्या गठ्ठ्यात अकरा निघाल्या तेव्हा शेजारच्यांनी आरडाओरडा केला, आणि अकरावी काडी मिरवणुकीनं ढिगात परत गेली. एक पोरगा रबर ताणून तीनदा वेढा मारायचा, प्रत्येक वेढ्याला जीभ बाहेर. सुट्या दहा झाल्या रे झाल्या की गठ्ठा बांधायचा; हे त्यांच्या हातांना त्या दिवशी कळलं. स्थानिक किंमत हा शब्द मी उच्चारलाही नव्हता. टाचणात ज्या कामाला मी ‘साहित्य तयार करणे’ म्हटलं होतं आणि घरी एकटीनं उरकून टाकलं होतं, तोच खरा पाठ होता.

वर्गात एक मुलगा होता, शेवटच्या रांगेतला. तो बोलत नसे. हजेरीला हात वर करायचा, तेवढंच. त्याचे आईवडील बांधकामावर कामाला, छत्तीसगडमधून आलेले; नागपुरात अशी कुटुंबं पुष्कळ. माझ्या निरीक्षण वहीत त्याच्या नावापुढे ‘संख्याज्ञान नाही’ असं लिहिलेलं होतं. एक दिवस मधल्या सुट्टीत खिचडी आली. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम तांदूळ ठरलेला असतो, तेव्हा पोरं किती, ताटं किती, हा हिशोब रोजचाच. बाईंनी त्याला ताटं मोजून आणायला सांगितलं. मी सहज मागे गेले. तो ताटांच्या थप्पीवर बोट ठेवून पुटपुटत होता, एकेक ताट सरकवत होता, आणि शेवटी स्वतःशीच म्हणाला, “एक कोरी अउ सात.” त्याच्या वस्तीतली एक मुलगी शेजारीच होती. तिनं मला सांगितलं, “मॅडम, सत्तावीस हायेत. कोरी म्हंजे वीस. त्याची आजी तसंच मोजते.” मी ताटं मोजली. सत्तावीसच होती. त्या दिवशी एक पोर गैरहजर होतं.

माझी आजी कडब्याच्या पेंढ्या विसानं मोजायची. तीन विसा, चार विसा. मी ते अगदी विसरून गेले होते. फ्रेंच भाषेत आजही ऐंशीला ‘चार वीस’ म्हणतात, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं आणि ते मला फार हुशारीचं वाटलं होतं. तेच एक पोर माझ्यासमोर बसून करत होतं, आणि मी त्याच्यापुढे ‘संख्याज्ञान नाही’ असं लिहून ठेवलेलं होतं. ते वाक्य मी खोडलं. मग त्याच्याजवळ काड्या घेऊन बसले आणि त्या मुलीच्या मदतीनं विचारलं, “एक कोरी कतका?” त्यानं वीस काड्या मोजल्या. मी म्हटलं, यांचे गठ्ठे बांध. त्यानं दोन बांधले. “दू कोरी?” चार गठ्ठे. तीनला तो थोडा थांबला, बोटांवर मोजलं आणि सहा गठ्ठे पुढे सरकवले. म्हणजे साठ. शेवटच्या रांगेतल्या ज्या पोराला मी वर्गाच्या मागे धरलं होतं, तो दोन वेगवेगळ्या मोजण्यांमध्ये ये-जा करत होता, आणि ते वर्गातल्या दुसऱ्या कोणालाच येत नव्हतं.

बाईंशी हे बोलले तेव्हा त्या एकदम जाईबाई चौधरींबद्दल सांगायला लागल्या. मी नागपूर जिल्ह्यातली, आणि हे नाव मी ऐकलं नव्हतं. जाईबाई उमरेडच्या, जन्म १८९२चा. दलित कुटुंबातल्या. हमाली करून पोट भरणाऱ्या या बाईंना एका मिशनरी बाईंच्या मदतीनं लिहायला-वाचायला मिळालं आणि मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळल्यावर पालकांनी मुलं काढून घेतली, आणि नोकरी गेली. त्यांनी १९२२ साली नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा यांच्या नावानं स्वतःची शाळा काढली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात त्यांची माहिती आहे. बाई एवढंच म्हणाल्या, “ज्या पोरांचं घरचं काही शाळेत चालत नाही, त्यांच्यासाठी या शहरात कोणीतरी शाळा काढून ठेवली आहे. ते ठाऊक असू दे.” पुस्तक मी मागवून वाचलं. आमच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शिक्षणतज्ज्ञ म्हणून जी नावं येतात, त्यांत जाईबाईंचं नाव असायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. निदान नागपुरात तरी.

मराठीच्या पाठांची गोष्ट जरा वेगळी झाली. पोळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्या दिवशीसाठी मी पुस्तकातला एक पाठ तयार केला होता. पण वर्गात पुस्तकाकडे कोणी बघेना. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, आणि त्याच दिवशी मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. सोबत बडगे, म्हणजे त्या वर्षी लोकांना जे जे छळतंय त्याचे पुतळे. गावातली सगळी इडापीडा, रोगराई घेऊन जा, असं मारबतीला ओरडून सांगायचं आणि शहराबाहेर नेऊन तिला जाळायचं. अर्धा वर्ग वडिलांच्या खांद्यावर बसून ती मिरवणूक पाहून आला होता. बोलू द्यावं की पाठ सुरू करावा, हे मला ठरवता येईना. मी बाईंकडे पाहिलं आणि बाईंनी नुसते हात जोडून मला खुर्चीकडे जायची खूण केली. मी बसले. पाच मिनिटांनी मी विचारलं, “तुमच्या घरून मारबतीनं काय न्यायला पाहिजे?”

हात वर करायचं कोणाला भान राहिलं नाही. डास. उंदीर. दादाचा मोबाईल. गल्लीतलं गटाराचं पाणी. एक मुलगी म्हणाली, “बाबाची दारू.” वर्ग तेवढ्यापुरता थबकला आणि पुढच्यानं लगेच म्हटलं, “आमच्या बी.” मग मी वह्या काढायला सांगितल्या. ज्या मुलांना फळ्यावरचं बघून वाक्य उतरवायलाही वेळ लागायचा, तीही खाली मान घालून लिहीत होती. खिडकीजवळच्या मुलीनं लिहिलं होतं: ‘आजिचा खोकला’. मी लाल पेन काढलं होतं. बाई मागून हळूच म्हणाल्या, “आधी तिला उत्तर दे. मग वेलांटी.” मी पेन मिटलं आणि विचारलं, आजीला खोकला केव्हापासून आहे? ती सांगत सुटली. रात्री आजी उठून बसते, मग आई गरम पाणी देते. “हे पण लिही,” मी म्हटलं. तिनं आणखी तीन ओळी लिहिल्या. तिसऱ्या ओळीत आजी आली तेव्हा तिनं स्वतःच खालून माझ्याकडे पाहत विचारलं, “मॅडम, आजीची वेलांटी कोन्ती?” दुसरी वेलांटी मी तिला तेव्हा दाखवली, आणि तिनं मागे जाऊन पहिल्या ओळीतलीही बदलली.

त्या आठवड्यापासून मी टाचणाच्या वहीत एक रकाना वाढवला. अपेक्षित प्रतिसादाच्या शेजारी ‘मिळालेलं उत्तर’. तासाच्या वेळी त्यात काहीच लिहून होत नाही. सुट्टीत बसून आठवेल तसं, मुलाच्या शब्दांत लिहायचं. चुकीचं असेल तर ते कसं काढलं, हे त्यालाच विचारून पुढे लिहायचं. आमचे मार्गदर्शक सर पाठ पाहायला आले तेव्हा त्यांनी वही उघडून विचारलं, हे काय? मी सांगितलं. छापील नमुन्यात हा रकाना नाही, ते म्हणाले, परीक्षेच्या टाचणात पेन्सिलीनं आख. मग त्यांनी खुर्ची ओढून तो रकाना शेवटपर्यंत वाचला आणि दोन ठिकाणी समासात खूण करून विचारलं, “याचं पुढे काय झालं?” दोन्ही ठिकाणी पुढे काय झालं ते मी पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून त्या रकान्यात दोन तारखा असतात, उत्तर मिळालं ती आणि पुन्हा विचारलं ती.

आता वजाबाकी सुरू झाली आहे. रकान्यात या आठवड्यात एकच उत्तर पुन्हा पुन्हा आलं: ४२ वजा १७ बरोबर ३५. ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी एकच रीत सांगितली. “सातातून दोन गेले, पाच. चारातून एक गेला, तीन.” दोनातून सात जात नाहीत, म्हणून पोरांनी मोठ्यातून लहान काढलं. पूर्वी मी याला धांदरटपणा म्हटलं असतं. सरांनी मला ब्राऊन आणि बर्टन या अमेरिकन संशोधकांच्या १९७८च्या कामाबद्दल सांगितलं. मुलं वजाबाकीत वाटेल तशी चुकत नाहीत. एखादी चुकीची रीत पक्की धरून प्रत्येक उदाहरणात तीच इमानानं वापरतात, आणि त्या रितींची या दोघांनी रीतसर यादीच केली आहे. मोठ्यातून लहान काढणं ही त्या यादीतली अगदी नेहमीची रीत.

मी काड्या घेऊन बसले. चार गठ्ठे, दोन सुट्या, यातून सतरा मला द्या. एक गठ्ठा सगळ्यांनी लगेच दिला. सात सुट्या द्यायच्या वेळी अडलं. “मॅडम, दोनच हायेत.” मग गठ्ठा सोडा की एक, मी म्हटलं. कोणी सोडेना. “आमी बांधला ना तो,” तीन वेढे मारणारा पोरगा म्हणाला. वर्गात दहा झाल्या की बांधायचंच, असा नियम आम्हीच महिनाभर पाळला होता, आणि आता मीच तो मोडायला सांगत होते. बाई म्हणतात, घाई करू नको, त्यांना सोडायची गरज वाटेल असं काहीतरी आण. दहा रुपयांची नोट आणून दुकान मांडावं असं माझ्या मनात आहे: सात रुपयांची वस्तू, गल्ल्यात सुटे दोनच रुपये, आणि नोट मोडल्याशिवाय गत्यंतर नाही. कोरीवाला पोरगा दुकानदार. सोमवारच्या टाचणात शिक्षकाची कृती लिहून झाली आहे, अपेक्षित प्रतिसादही लिहिला आहे, आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली आहे.